घरची मासळी : कस खाद्यात, धोकाही खाद्यात

मासळी बाजारात गिऱ्हाईक माशाचे कल्ले उघडून पाहते, डोळे पाहते, बोटाने अंग दाबून पाहते आणि मग भाव करते. मासा काय खाऊन वाढला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. समुद्रातल्या बांगड्याबाबत तो विचारण्याची फारशी गरजही नसते, कारण बांगडा आपले खाणे आपण शोधतो. पण अंगणातल्या हौदात, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या टाकीत किंवा गोदामामागच्या शेततळ्यात पाळलेल्या माशाला आपण घालू तेच मिळते. त्याच्या अंगात उतरणारा कस आपल्या पोत्यातून उतरतो. या जोडधंद्यात पडलेल्या किंवा पडू पाहणाऱ्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली, तर घरच्या मुलांना चांगले खायला मिळेल आणि बाजारात मालाला नावही मिळेल.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, कुरुळी, चाकण ते महाळुंगे या पट्ट्यात मासळीला गिऱ्हाईक आहे. कारखान्यांमुळे बंगाल, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेला कामगार येथे वस्ती करून आहे आणि त्याला रोहू-कटला हवा असतो. उजनी धरणाची मासळी भिगवणच्या बाजारातून येते, आंध्रातली बर्फात घालून येते. जिवंत, डोळ्यांसमोर टाकीतून काढलेली मासळी हे त्यापुढचे पाऊल आहे. इकडे वेल्डिंग, प्लेटिंग, फॅब्रिकेशन आणि भंगार या धंद्यांत कामाची चढउतार कायमची. कुदळवाडी-चिखली भागातील भंगाराची गोदामे व छोटे कारखाने महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडले. अशा उलथापालथीनंतर हाताला दुसरे काम असावे, असे अनेकांना वाटणे साहजिक आहे. टाकी बांधण्याचे, पाईप जोडण्याचे, हवेचा पंप दुरुस्त करण्याचे कसब तर या लोकांच्या हातात आहेच. उणीव आहे ती खाद्याच्या ज्ञानाची.

काय बदलते, काय बदलत नाही

प्रथम एक गैरसमज दूर करू. भारी खाद्य घातले की माशातली प्रथिने पुष्कळ वाढतात, असे काही विक्रेते सांगतात. तसे होत नाही. रोहू असो की चिलापी, त्याच्या मांसात प्रथिने शेकडा १६ ते २० च्या आसपासच राहतात. खाद्य कमी पडले तर मासा वाढत नाही, पण त्याच्या मांसाची मूळ घडण फारशी बदलत नाही.

बदलते ती चरबी. माशाच्या अंगातली चरबी ही त्याने खाल्लेल्या चरबीची बऱ्याच अंशी नक्कल असते. मासळीला आपण हृदयासाठी आणि मुलांच्या मेंदूसाठी चांगली म्हणतो ते ओमेगा-३ नावाच्या स्निग्ध घटकांमुळे. त्यातही ईपीए आणि डीएचए हे दोन महत्त्वाचे. जागतिक अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात प्रौढ माणसाला रोज किमान २५० मिलिग्रॅम इतके हे दोन घटक मिळावेत, अशी शिफारस आहे. समुद्रातील तारली आणि बांगडा यांत ते भरपूर असतात, कारण समुद्रातील सूक्ष्म शेवाळापासून ते त्यांच्यापर्यंत पोहोचतात. टाकीतल्या माशाला हे शेवाळ मिळत नाही. त्याला मिळते पेंड.

येथेच मेख आहे. आपल्याकडे रोहू-कटल्याचे जुने ठरलेले खाद्य म्हणजे शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा, निम्मे-निम्मे. त्यावर मासा वजन धरतो, यात शंका नाही. पण शेंगदाण्याच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसते आणि कोंड्यात ते नावापुरते असते. दोन्हींत भरणा असतो तो ओमेगा-६ चा. हा घटकही शरीराला लागतो, पण रोजच्या जेवणातील सूर्यफुलाच्या व सोयाबीनच्या तेलातून तो आपल्या पोटात पुरेसा जातोच. म्हणजे मासा खाऊन ज्याची उणीव भरून काढायची, तेच त्या माशात कमी. २००८ साली अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील बाजारात मिळणारी पाळीव चिलापी तपासली. तिच्यात ओमेगा-३ फार थोडे आणि ओमेगा-६ पुष्कळ आढळले. दोष चिलापीच्या जातीचा नव्हता. धान्य आणि स्वस्त वनस्पती तेल यांवर पोसलेल्या माशात दुसरे काय सापडणार?

जवसाचा उपयोग

गोड्या पाण्यातील माशांना एक देणगी आहे. वनस्पतीतील साधे ओमेगा-३ मिळाले, तर रोहू, कटला, सायप्रिनस आणि चिलापी त्यातला काही भाग स्वतःच्या शरीरात ईपीए व डीएचएमध्ये रूपांतरित करू शकतात. माणसाच्या शरीरात हे काम फारच थोडे होते. असे साधे ओमेगा-३ देणारे सर्वांत सोपे धान्य आपल्या घरातच आहे, ते म्हणजे जवस. काही घरांत त्याला अळशी म्हणतात. जवसात सुमारे शेकडा ४० तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ असतो.

दुसरी वस्तू सुका जवळा. तो समुद्रातला असल्याने तयार ईपीए-डीएचए थोडेबहुत सोबत आणतो, शिवाय उत्तम प्रथिने देतो. तो बिनमिठाचा, नुसता उन्हात वाळवलेला घ्यावा. खारवलेली मासळी टाकीत चालत नाही.

दहा किलो खाद्याचा एक सोपा हिशेब देतो. शेंगदाणा पेंड साडेतीन किलो, भट्टीतून निघालेली सोयाबीन पेंड दीड किलो, तेल काढलेला तांदळाचा कोंडा तीन किलो, जवळ्याची पूड एक किलो, जवसाची पूड अर्धा किलो, चिकटपणासाठी गव्हाचे पीठ चारशे ग्रॅम आणि खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण शंभर ग्रॅम. कोंडा तेल काढलेला घेण्याचे कारण असे की त्यामुळे ओमेगा-६ चा भार कमी होतो आणि जवसाचा गुण दिसून येतो. कच्चे सोयाबीन दळून कधीही घालू नये. त्यातील एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो, आणि तो उष्णतेनेच जातो. जवसही मंद आचेवर हलके भाजून घ्यावे.

पिठाची खळ शिजवून तीत बाकीचे मिसळावे, घट्ट गोळा करावा आणि शेवेच्या सोऱ्यातून पाडून सावलीत वाळवावा. सावली हा शब्द महत्त्वाचा आहे. ओमेगा-३ हे नाजूक असते. ऊन, हवा आणि उष्णता लागली की ते खवट होते आणि खवट खाद्य माशाच्या यकृताला बाधते. म्हणून जवस एकदम महिन्याचे दळून ठेवू नये. आठ-दहा दिवसांपुरते खाद्य करावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे.

जवस जास्त घातले तर जास्त फायदा, असेही नाही. खाद्यात चरबी अति झाली तर ती माशाच्या पोटात आणि यकृतात साठते. शेकडा पाच हे प्रमाण घरगुती टाकीला पुरेसे आहे.

शेवटचे अडीच महिने

हे खाद्य पहिल्या दिवसापासून द्यायला हवे का? ज्याला परवडेल त्याने जरूर द्यावे. पण खरा हिशेब शेवटच्या अडीच-तीन महिन्यांचा आहे. मासा वाढत असताना जुन्या चरबीत नव्या खाद्याची चरबी मिसळत जाते आणि जुनीचा वाटा कमी होत जातो. परदेशात साल्मन मासा पाळणारे लोक याच नियमाचा फायदा घेतात. वाढीच्या काळात स्वस्त वनस्पती तेलाचे खाद्य आणि काढणीपूर्वी काही आठवडे माशाच्या तेलाचे खाद्य, अशी त्यांची रीत आहे. आपल्याला माशाच्या तेलाची चैन परवडणार नाही, पण रीत तीच वापरता येईल.

खर्च पाहा. टाकीत शंभर मासे आहेत आणि या काळात त्यांचे एकूण वजन सरासरी ४० किलो आहे असे धरू. वाढलेल्या माशाला रोज वजनाच्या शेकडा दोन खाद्य पुरते, म्हणजे ८०० ग्रॅम. त्यात जवस ४० ग्रॅम. पंचाहत्तर दिवसांत खाद्य ६० किलो आणि जवस अवघे तीन किलो. किराणा दुकानात जाऊन तीन किलो जवसाचा भाव विचारावा आणि मग ठरवावे की हा खर्च मोठा आहे की छोटा.

आमचे सांगणे प्रामाणिक असावे म्हणून हेही सांगतो की एवढे करूनही घरचा रोहू तारलीची बरोबरी करणार नाही. रोहूच्या अंगात मुळात चरबीच थोडी असते. पण नुसत्या पेंडीवर वाढलेल्या रोहूपेक्षा तो निश्चित सरस ठरेल. आणि ज्या घरात समुद्राची मासळी महिन्यातून एकदाच येते, तेथे हा फरक मोलाचा आहे.

अझोलाही उपयोगी आहे. प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या उथळ खड्ड्यात ही पाणवनस्पती झपाट्याने वाढते. वाळवल्यावर तिच्यात शेकडा २० ते २५ प्रथिने असतात. चिलापी आणि गवत्या मासा ती आवडीने खातात, त्यामुळे पेंडीचा खर्चही कमी होतो. मात्र चिलापी पाळण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाला विचारून परवानगीचे पाहून घ्यावे. ही जात टाकीतून ओढ्यात गेली तर स्थानिक मासळीला त्रास देते.

ज्या वाटेने कस, त्याच वाटेने विष

आता या लेखाची दुसरी बाजू, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाची. खाद्यातला गुण माशात उतरतो, तसा खाद्यातला आणि पाण्यातला दोषही उतरतो. इतर गावांपेक्षा आपल्या पट्ट्यात हा धोका मोठा आहे, कारण आपण कारखान्यांच्या मध्ये राहतो.

पहिली गोष्ट पिंपाची. निळी प्लॅस्टिकची पिंपे आणि लोखंडी पिंजऱ्यातील हजार लिटरच्या टाक्या भंगारात स्वस्त मिळतात. त्यात आधी काय होते, हे विकणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसते. प्लेटिंगची रसायने, कूलंट, रंगाचे द्रावण यांचा अंश प्लॅस्टिकच्या अंगात मुरतो आणि साबणाने चार वेळा धुतल्याने जात नाही. खाद्यतेल, लोणचे किंवा तत्सम खाण्याच्या वस्तूचे पिंप असल्याची खात्री असेल तरच घ्यावे. नसेल तर ताडपत्रीची नवी टाकी घ्यावी. भंगाराचा व्यापार करणाऱ्या आमच्या बांधवांना तर पिंपाची ओळख इतरांपेक्षा अधिक. त्यांनी गिऱ्हाईकाला खरे सांगावे, एवढीच विनंती. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची टाकीही नको, कारण पाण्यात उतरलेले जस्त माशाला मारक असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पवना, इंद्रायणी आणि मुळा या नद्यांची नावे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आलेली आहेत. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा फेस सर्वांनी पाहिला आहे. ओढ्याचे किंवा नदीचे पाणी टाकीत घेऊ नये. कारखान्याजवळील बोअरचे पाणी असेल तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि निकेल यांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. नळाचे पाणी उत्तम, पण त्यात क्लोरीन असते. ते उघड्या टाकीत हवेचा पंप लावून एक-दोन दिवस ठेवावे, मग मासे सोडावेत. पारा, शिसे हे धातू डोळ्यांना दिसत नाहीत आणि मासा ते अंगात साठवत राहतो. जपानमधील मिनामाता गावात एका रसायन कारखान्याचा पारा खाडीत गेला, खाडीतून मासळीत गेला आणि मासळीतून कोळी कुटुंबांच्या अंगात गेला. तो रोग १९५६ साली उघडकीस आला, तेव्हा अनेकांचे हातपाय आणि जन्मणाऱ्या मुलांचे आयुष्य कायमचे गेले होते.

तिसरी गोष्ट पेंडीची. पावसाळ्यात ओली होऊन बुरशी धरलेली पेंड ‘माशालाच तर घालायची’ म्हणून स्वस्तात विकली जाते. ती घेऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी एकाएकी मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे विष सापडले. अफ्लाटॉक्सिन हे नाव तेव्हापासून जगाला ठाऊक झाले. हे विष यकृतावर हल्ला करते, आणि पेंड उकळल्याने ते जात नाही.

मांगूरचा धडा

चौथी गोष्ट आमच्या कोंबडी आणि मटणाच्या व्यवसायातील बांधवांशी जवळची आहे. दुकानातील आतडी, पिसे, कातडी रोज फेकावी लागतात. ती माशाला घातली तर खाद्य फुकट, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे. थाय मांगूर या माशाचा धंदा याच विचारावर उभा राहिला. हा मूळचा आफ्रिकेतला मासा घाण पाण्यातही जगतो आणि कुजके मांसही खातो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याची तळी उभी राहिली. देशात त्याच्या पालनावर बंदी असूनही हे चालले होते. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने कडक आदेश दिल्यावर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने साठे नष्ट करण्याची मोहीम घेतली आणि भांडवल घातलेल्यांचे भांडवल बुडाले.

धंदा बुडाला हे एक, पण त्या माशाचा कस तरी काय होता? कोंबडीच्या चरबीत ओमेगा-६ अधिक. कुजक्या मांसात रोगजंतू. कोंबड्यांना औषधे दिली असतील तर त्यांचे अवशेषही त्यातून पुढे जाणार. म्हणजे फुकटच्या खाद्याची किंमत खाणाऱ्याने भरली. घाण खाणाऱ्या जनावराबाबत आपल्या फिकहमध्ये ‘जल्लाला’ हा स्वतंत्र विषय आहे आणि अशा जनावराला काही काळ स्वच्छ खाद्यावर ठेवण्याचे सांगितले आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. माशाबाबत ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. व्यापारी म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. कच्चे मांसकचरा खाद्य टाकीत घालू नये. समुद्री मासळीची डोकी व शेपट्या मिळाल्या तर त्या ताज्या असतानाच उकळून, वाळवून, दळून वापरता येतात.

ताटापर्यंतचा हिशेब

टाकीत मिळवलेला कस ताटात येईपर्यंत टिकायला हवा. विक्रीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे आणि मासे स्वच्छ पाण्यात ठेवावेत. त्यामुळे पोट रिकामे होते. मातकट वास येत असेल तर असे स्वच्छ पाण्यात काही दिवस ठेवावे लागते. घरात मासा भरपूर तेलात तळला तर जवसाने मिळवलेले पुष्कळसे वाया जाते, कारण तळणीचे तेल मांसात शिरते. कालवण केले तर निघालेली चरबी रश्श्यात राहते आणि पोटात जाते. पोटाकडचा भाग, कातडी आणि डोके टाकू नये, चरबी तेथेच अधिक असते.

लहान माशांचाही विचार व्हावा. बांगलादेशात मोला नावाचा बोटाएवढा मासा रोहू-कटल्याच्या तळ्यातच वाढवला जातो. तो डोक्यासकट, काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून त्यातून अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरपूर मिळते. या कामाला दिशा देणाऱ्या डॉ. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या ओढ्या-तळ्यांतील लहान मासळीला आपण हलकी समजतो. मुलांच्या दृष्टीने ती हलकी नाही.

धंद्याची बाजू

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत छोट्या टाक्या व बायोफ्लॉक संचांसाठी सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. टाकीवर पैसा घालण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या पुणे कार्यालयात जाऊन, कोणत्या योजनेत अर्ज घेतले जात आहेत ते विचारावे. दलालाच्या तोंडून ऐकून भांडवल गुंतवू नये. दाट मासे ठेवलेल्या टाकीत वीज तास-दोन तास गेली तरी सगळा माल मरू शकतो, म्हणून बॅटरीची सोय टाकीसोबतच करावी.

विकताना मासळीला औषध म्हणू नये. खोटा दावा एकदाच चालतो. त्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. मत्स्यबीज कोठून आणले, पाणी कधी तपासले, कोणत्या तारखेपासून कोणते खाद्य दिले, पेंड व जवस कोणत्या दुकानातून घेतले, हे तारखेनिशी लिहावे. जमल्यास एका खेपेचा मासा प्रयोगशाळेत देऊन चरबीचा अहवाल घ्यावा आणि तो वहीला जोडावा. आज गिऱ्हाईक कल्ले पाहते. उद्या ते खाद्य विचारेल, आणि त्या दिवशी ज्याच्याकडे वही असेल त्याला भावात घासाघीस करावी लागणार नाही. आणि कोणी न विचारले तरी त्या टाकीतला पहिला मासा आपल्याच घरी शिजणार आहे, हे ध्यानात ठेवून पोते उघडावे.